देवरेकाकांचं एक वाक्य

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या पेशंटला काहीही झालेलं नव्हतं. त्याचं पोट दुखत नव्हतं, छातीत कळ येत नव्हती, डोकंही गरगरत नव्हतं. तरी तो संध्याकाळी माझ्यासमोर स्टीलच्या खुर्चीत येऊन बसायचा आणि असा काही कण्हायचा की शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकायला लागायचं. त्या पेशंटचं नाव नामदेव देवरे. ते माझे घरमालक होते.

घर नाशिकला, इंदिरानगरात. खाली काका-काकी, वरच्या खोलीत आम्ही दोघी. मी सिन्नरची आणि माझी मैत्रीण मंदा गावित सुरगाण्याची. दोघी एकाच मेडिकल कॉलेजात. काकांनी आम्हाला नावाने कधी हाक मारली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी गाव विचारलं, आणि तेव्हापासून मी 'सिन्नर' झाले न् मंदा 'सुरगाणा'. "सिन्नर, पाण्याची मोटार बंद कर!" "सुरगाणा, तुझा टॉवेल उडाला!" असं ते जिन्यातून ओरडायला लागले की नव्या माणसाला वाटावं, एसटी स्टँडवरच राहायला आलो की काय.

काका मूळचे सटाण्याकडचे. सगळी नोकरी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात झाली, पण विमानाबद्दल ते चकार शब्द काढत नसत. फारच खोदून विचारलं तर म्हणत, "त्यात काय, पाने आणि बोल्ट." बोलत ते नाटकाबद्दल. कारखान्यातल्या हौशी मंडळींचा एक गट दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरायचा आणि काका त्यातले कायमचे सभासद होते. भूमिका कुठल्या, तर हवालदार, गडी, पोस्टमन आणि एकदा प्रेत. "प्रेताचं काम सगळ्यात अवघड," ते सांगत. "एक शिंक आली की संपलं."

त्यांच्या हवालदाराची गोष्ट मी किती वेळा ऐकली त्याला गणती नाही. नाटकाच्या तिसऱ्या अंकात नायक बायकोचं पत्र वाचून रडत बसलेला असतो. हवालदाराने आत यायचं, सलाम ठोकायचा, "साहेब, गाडी आली," म्हणायचं आणि जायचं. तालमीत सगळं नीट झालं. प्रयोगाला मात्र काकांवर पहिल्यांदाच प्रकाशाचा झोत पडला आणि काकांना राहवेना. "साहेब, गाडी आली. सटाण्याहून आली. वाटेत पंक्चर झाली होती म्हणून उशीर झाला. ड्रायव्हर सकाळपासून उपाशी आहे बिचारा. त्याला मी चहा पाजला..." पब्लिकने टाळ्या वाजवल्या. नायक रडायचं थांबून बघत बसला. शेवटी विंगेतून दिग्दर्शक ओरडले, "देवरे, गाडी आली एवढंच सांगा हो! कुठून आली ते नको!" हे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पुढे रिटायर होईपर्यंत कारखान्याच्या गेटवर त्यांना रोज कोणी ना कोणी विचारायचं, "काय देवरे, गाडी आली का?"

दुसरा कोणी असता तर ही गोष्ट लपवून ठेवली असती. काका ती स्वतःच सांगत, आणि शेवटी आमच्याकडे बघून विचारत, "आता मला सांगा, टाळी कुणाला पडली?"

सुमनकाकी याच्या अगदी उलट. काका एका वाक्याचा परिच्छेद करायचे आणि काकी अख्ख्या परिच्छेदाचं एक वाक्य. साठी उलटल्यावर त्यांनी बॅटरीवरची स्कूटर शिकायला घेतली होती. कॉलनीच्या मैदानावर काकी ताशी दहाच्या वेगाने गोल गोल फिरत असत आणि काका बाजूने धावत "ब्रेक! ब्रेक! हॉर्न!" म्हणून ओरडत असत. समोर एका सिमेंटच्या बाकड्याशिवाय काही नसे.

"काकी, या वयात स्कूटर कशाला हो?" मंदाने एकदा विचारलं.

"यांच्या मागं बसून बाजारात जायचा कंटाळा आला," काकी म्हणाल्या. "रस्ताभर बोलतात."

आता हे काका माझे पेशंट कसे झाले ते सांगते. शिकून झाल्यावर परदेशात प्रॅक्टिस करावी, असं माझ्या मनात होतं. पण न बघता कसं ठरवायचं? म्हणून शेवटच्या वर्षी इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात महिनाभर विद्यार्थी म्हणून काम बघायला जायचं मी जमवलं. आधी तिकडे जाऊन आलेल्या एका सीनियर ताईने मला बजावलं, "गोळ्यांचे डोस नंतर विचारतात गं, आधी पेशंटशी बोलता येतं का ते बघतात." पुढे तिथे नोकरी करायची तर जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात म्हणे चक्क खोटे पेशंट असतात. नट आणून बसवतात. आठ मिनिटं त्यांच्याशी बोलायचं, घंटा झाली की उठायचं. मी सरावाचं पुस्तक आणलं. मंदा पेशंट झाली, मी डॉक्टर. पण मी "कधीपासून दुखतंय?" विचारलं की मंदाला हसू फुटायचं, आणि ती हसली की मला. असं दोन-तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी दारात काका उभे.

"नाटक बसवताय?" त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत जे काही चमकलं ते बघून मला नाही म्हणवलं नाही.

पहिली केस पोटदुखीची. काका इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून आले. काकींनी देवघरातली घंटा आणली, समोर घड्याळ ठेवलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर मेथी निवडत बसल्या. मी इंग्रजीत विचारायचं, काकांनी मराठीत उत्तर द्यायचं आणि फारच दुखलं तर अहिराणीत, असं ठरलं. मी विचारलं, काय त्रास होतोय? काकांनी डोळे मिटले. मग सुरुवात केली ती सटाण्यातल्या मेव्हण्यापासून. मेव्हण्याशी बांधावरून वाद झाला होता. त्या वादात जेवण राहिलं, रागारागाने काका बसमध्ये बसले, बसमध्ये शेजारच्या माणसाने शेंगा खायला दिल्या. त्या माणसाचा मुलगा लष्करात होता. त्याचं लग्न...

"काका, दुखतंय कुठे?" मी मराठीवर आले.

"तेच सांगतोय."

शेवटी "मना पोटमा दुखी ऱ्हायनं वं माय!" असं म्हणून काका खुर्चीतून घसरले तेव्हा घंटा वाजली. कळ उजवीकडे आहे की डावीकडे, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. मी तसं म्हटलं तर काका शर्ट झटकत उठले. "पहिल्याच अंकात सगळं सांगितलं तर पुढं काय करायचं? तू काढून घे ना माझ्याकडून. डॉक्टर तू आहेस."

गंमत म्हणजे हे खरंच उपयोगी पडलं. काकांच्या मेव्हण्याला, शेंगांना आणि लष्करातल्या मुलाला न दुखावता बाजूला सारून पोटापर्यंत पोचायला मी शिकले. पुढे दम्याच्या केसमध्ये ते इतके खरे धापले की समोरच्या बंगल्यातून माणूस रिक्षा बोलवू का विचारायला आला. काका दिवसभर खूश होते.

फक्त एका केसला आमचं अडलं. पुस्तकात होतं: पन्नाशीतला गृहस्थ, तपासणीत कॅन्सर निघालाय, त्याला ते सांगायचं आहे. गृहस्थ एकटा आलेला आहे.

"एकटा?" काकांनी मला थांबवलं. "एकटा कसा? बायको कुठंय त्याची?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही, काका."

"म्हणजे वारली असणार. मग मला तेही दुःख दाखवावं लागेल."

"मी इथंच शे," पायरीवरून काकी म्हणाल्या.

झालं. काकींना आत आणून शेजारच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. मी पुस्तकाप्रमाणे काकांकडे वळून हळू आवाजात सुरुवात केली, तर काका ताडकन उभेच राहिले. "ए सिन्नर, मला काय सांगतेस? मला आधी बाहेर काढ, मग हिला सांग. पेशंटला कुणी त्याच्या तोंडावर सांगतं का? माणूस जागच्या जागी खलास व्हायचा!"

"बरोबर हाय काकांचं," मंदा म्हणाली. "आमच्याकडं एक पेशंट आला का जीपभर माणसं येत्यात. पेशंट जीपमध्येच ऱ्हातो, बाकीचे आत येत्यात."

मी आपली नाइलाजाने काकींकडे वळले आणि विचारलं, यांना भूक कशी लागते? झोप येते का?

"मी काय सांगू?" काकी म्हणाल्या. "पोट यांचं. यांना विचार."

ती केस आम्ही सोडून दिली. खरं सांगायचं तर मलाही काकांचंच पटलं होतं. आमच्या घरात माझ्या आजोबांना शेवटपर्यंत "जरा अशक्तपणा आहे" एवढंच सांगितलं होतं, आणि ते तसंच असतं असं मी धरून चालले होते.

मग मी गेले. इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक जुनं गाव, सदा ओलं आकाश. पहिल्याच आठवड्यात ओपीडीत एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्यावर टोपी, हातात छत्री, आणि एकटे. त्यांचा रिपोर्ट चांगला नव्हता. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला सुरुवातीचं बोलायला सांगितलं. मी नाव विचारलं, तब्येत विचारली, आणि सवयीने विचारलं, "तुमच्यासोबत कोण आलंय?"

त्यांनी मागे वळून बघितलं. "कोणी नाही. मी बसने आलो."

"बाहेर कोणी बसलंय का?"

"नाही."

"मग घरून कोणाला बोलावून घेऊ का?"

म्हातारबाबांचा चेहरा उतरला. "इतकं वाईट आहे का?" त्यांनी विचारलं.

जे सांगायला डॉक्टरीणबाई तयारी करून बसल्या होत्या ते मी माझ्या नाशिकच्या सवयीने तीन प्रश्नांत सांगून टाकलं होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, म्हातारबाबांच्या गुडघ्यांजवळ नेली आणि चार छोट्या वाक्यांत सगळं सांगितलं. मग गप्प बसल्या. शेवटी म्हातारबाबा म्हणाले, "माझी शर्यतीची कबुतरं आहेत. थंडी सरली की शर्यती सुरू होतात. तेव्हा मी त्यांच्याजवळ असेन का?"

यानंतर त्या दोघांनी उपचाराच्या तारखा कबुतरांच्या शर्यती बघून ठरवल्या. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. म्हातारबाबांनी जाताना बाईंचे आभार मानले, आणि माझेही.

नाशिकला परत आल्यावर मी ही गोष्ट काका-काकींना सांगितली. मी आणलेली बिस्किटं काका चहात बुडवत होते. हातातलं बिस्किट तसंच कपात पडून विरघळलं.

"तोंडावर? त्याच्या तोंडावर सांगितलं? आणि त्याने काही केलं नाही?"

"थँक यू म्हणाले."

"दगडाच्या काळजाची माणसं," काका म्हणाले. "सिन्नर, तू नको जाऊ तिकडं."

कप उचलता उचलता काकींनी विचारलं, "मग कबुतरांचं काय झालं?"

"शर्यती होईपर्यंत मोठं औषध पुढे ढकललं."

"बरं केलं," काकी म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या.

पुढे माझी इंटर्नशिप सुरू झाली. त्या वर्षीच काकींच्या छातीत गाठ लागली. काकींनीच ती ओळखली, मला दाखवली, आणि मी त्यांना सर्जनकडे जायला सांगितलं. तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेतला. निकालाच्या दिवशी दोघं मिळून दवाखान्यात गेले. काकी पडद्यामागे कपडे नीट करत होत्या तेवढ्यात डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं आणि तिथेच काय ते सांगितलं. आपल्याकडे असंच करतात. त्यात डॉक्टरांना कोणी दोष देणार नाही.

घरी येऊन काकांनी काकींना सांगितलं, साधी गाठ आहे, काढून टाकली की झालं. आणि मग त्यांनी नाटक सुरू केलं. आयुष्यात इतकं वाईट काम त्यांनी केलं नसेल. सकाळी उठून गाणी म्हणू लागले. बिनकारणाची जिलबी आणली. दोडक्याच्या भाजीला लग्न झाल्यापासून नावं ठेवणारा माणूस दोनदा दोडकं मागून घेऊ लागला. आणि कहर म्हणजे मैदानाबाहेर स्कूटर नेऊ न देणारे काका म्हणाले, "जा, जा, सुमन, मोठ्या रस्त्यावर ने. माझी काय हरकत नाही." काकी स्कूटर स्टँडला लावून त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

दोन दिवसांनी दुपारी काका वर आले. मंदा त्या महिन्यात गावाकडच्या दवाखान्यात ड्यूटीला होती, मी एकटीच होते. खाली काकींचा कुकर लागलेला होता. काकांनी दार लोटून घेतलं आणि मला सगळं सांगितलं. कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय. डॉक्टरांनी दोन रस्ते दिलेत. एकतर फक्त गाठ काढायची आणि नंतर काही आठवडे रेडिएशनचे शेक घ्यायचे, नाहीतर तो भागच पूर्ण काढायचा. दोन्हींनी बरं होता येतं. परवापर्यंत कळवायचंय.

"मी म्हणतो, सगळंच काढा. नंतरची कटकट नको," काका म्हणाले. "तिला साधी गाठ म्हणूनच सांगितलंय. तुला विचारेल ती. तू पण तेच सांग. तुझ्यावर तिचा विश्वास आहे."

मला फार भीती वाटली. वडिलांच्या वयाचा माणूस माझ्याकडे हात जोडल्यासारखा बघत होता आणि मला नाही म्हणायचं होतं. मला त्या म्हातारबाबांची टोपी आठवत होती, कबुतरं आठवत होती. काकींच्या अंगातलं काय काढायचं आणि काय ठेवायचं हे काकींखेरीज सगळ्यांनी मिळून ठरवायचं, हे मला सहन होईना.

"काका, मी खोटं नाही सांगणार," मी म्हणाले. "काकींनी विचारलं तर खरं सांगेन."

"तिला झेपायचं नाही, सिन्नर."

"काकींना की तुम्हाला?"

काका स्टीलच्या खुर्चीत बसले. पेशंटच्या खुर्चीत. जरा वेळाने म्हणाले, "मलाच सांगावं लागेल मग. पण मला नाही जमणार. तुला माहितेय."

"तालीम करू," मी म्हणाले. "मी काकी. तुम्ही तुम्हीच."

काका उठले. शर्ट खाली ओढला, घसा खाकरला. "सुमन," त्यांनी सुरुवात केली. "आपलं लग्न झालं तेव्हा सटाण्याच्या घरात लाईट नव्हती. तू कंदिलाच्या उजेडात भाकरी करायची. मग आपण ओझरला आलो. त्या पहिल्या खोलीचं दार लागायचं नाही, तू त्याला पाटा लावायची..."

"काका."

"हो. परत घेतो." त्यांनी परत घेतलं. या वेळी दवाखान्याच्या पार्किंगपासून. पार्किंगमध्ये जागा नव्हती, वॉचमन निफाडचा होता, भला माणूस, त्याने जागा करून दिली. वॉचमनपुढे त्यांना जाताच येईना. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं "सुमन" म्हटलं आणि ते रडायला लागले. मी त्यांना खऱ्या रडण्यात कधी बघितलं नव्हतं. नाटकातल्या रडण्याशी त्याचं काहीच साम्य नव्हतं, आवाजच नव्हता त्याला.

तेवढ्यात घंटा वाजली.

मी दार उघडलं. काकी जिन्याच्या वरच्या पायरीवर, त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या. हातात देवघरातली घंटा. कुकर केव्हाचा बंद झाला असावा. आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"वेळ संपली," काकी म्हणाल्या. मग आत आल्या आणि काकांसमोर उभ्या राहिल्या. "अहो, गाडी आली एवढंच सांगा. कुठून आली ते नको."

काकांनी डोळे पुसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं. शेवटी ते तसेच बाजूला सोडून ते म्हणाले, "तुले कॅन्सर शे, सुमन."

काकींनी घंटेचा लोलक मुठीत धरून ठेवला होता.

"माले वाटनंच व्हतं," काकी म्हणाल्या. "दोडकं आवडायला लागलं तेव्हाच." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ऑपरेशननंतर हात वर होतो का गं? स्कूटरचं हँडल धरता येतं ना?"

त्यांच्या मागून काका जे हसले ते अर्धं रडणंच होतं. मी म्हणाले की व्यायाम शिकवतात, पण दोन्ही रस्त्यांत हाताचं काय होईल ते सर्जननाच विचारायला हवं. "मग विचारू की," काकी म्हणाल्या. "तुम्ही उद्या मला घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी मीही गेले. सिस्टरने दारातून नाव पुकारलं आणि विचारलं, "सोबत कोण आहे?"

"आहेत ना," काकी म्हणाल्या. "त्यांना बाहेर बसवलंय. आधी मला सांगा."

सिस्टर चपापली, पण तिने वाट दिली. दार लागलं. काका आणि मी बाकावर बसलो. आत बराच वेळ बोलणं चाललं होतं. एकदा काकींचा आवाज ऐकू आला, एकदा डॉक्टर हसलेले. काका दर थोड्या वेळाने उठायचे, दारापर्यंत जायचे आणि परत यायचे.

"सिन्नर," ते म्हणाले, "प्रेताच्या कामापेक्षा हे अवघड आहे."

काकींनी फक्त गाठ काढायचं ठरवलं. का, ते त्यांनी कोणाला समजावून सांगितलं नाही. ऑपरेशन नीट झालं, पुढचे शेकही झाले. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम त्यांनी इतक्या इमानाने केला की स्वयंपाकघराच्या भिंतीवर हळदीच्या बोटांची एक रांग छतापर्यंत गेली. काका समोर स्टूल टाकून बसायचे. सूचना द्यायची मनाई होती. ते फक्त रोज पेन्सिलीने भिंतीवर कालच्यापेक्षा वरची खूण करत. काही महिन्यांनी एका सकाळी मी गॅलरीतून बघितलं तर काकी स्कूटरवरून गेटबाहेर पडत होत्या आणि मागच्या सीटवर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन काका बसले होते. कॉलनीच्या वळणापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. वळणानंतरचं मला सांगता येणार नाही.

मग मी ती परीक्षा द्यायची ठरवली. काकींच्या आजारपणात मला जायला नको असंही खूपदा वाटलं. पण बाकावर बसून काकींच्या आतल्या आवाजाची वाट बघताना माझं ठरून गेलं होतं. पेशंटशीच असं सरळ बोलायला मला नीट शिकायचं होतं, आणि ते मी पहिल्यांदा जिथे बघितलं तिथेच शिकायचं होतं. मंदाने सुरगाण्याला सरकारी दवाखान्यात नोकरी धरली. फोनवर म्हणाली, "आता जीपमधल्या पेशंटलाच आधी आत घेते. बाकीचे लय चिडत्यात."

सरावाला काका पुन्हा पेशंट झाले, पण त्यात आता राम राहिला नव्हता. मी काय त्रास होतोय विचारलं की ते सरळ सांगायचे, "उजव्या कुशीत, कालपासून." माझी आठ मिनिटं तीन मिनिटांत संपायची. मी कुरकुर केली तर म्हणाले, "काय करू, सवय मोडली." मग काकी पेशंट व्हायला लागल्या. त्यांच्याकडून एक वाक्य काढताना माझा घाम निघायचा. परीक्षा पास झाले याचं अर्धं श्रेय काकींच्या गप्प बसण्याला आहे.

निघायच्या दिवशी सकाळी मी वर बॅगेची चेन लावत होते. काकी आदल्या संध्याकाळी स्वतः स्कूटरवरून जाऊन माझ्यासाठी खारवलेल्या शेंगा घेऊन आल्या होत्या आणि त्या कुठल्या कप्प्यात घालायच्या यावरून खाली दोघांचं काहीतरी चाललं होतं. मला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी चेनशीच झटापट करत होते. मुंबईच्या विमानतळासाठी टॅक्सी सांगितलेली होती. खाली गेटशी हॉर्न वाजला.

जिन्यात पावलं वाजली. दारात काका उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. मला वाटलं आता सुरू होणार. सिन्नरपासून विमानापर्यंत सगळं येणार, आणि मी ते सगळं ऐकायला तयार होते. काकांनी टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "गाडी आली."

मी थांबले. ते वळले आणि माझी बॅग उचलून जिना उतरायला लागले. गाडी कुठून आली ते त्यांनी सांगितलं नाही.